प्रतिकृति कशा कराव्या व कां कराव्या

गेल्या वर्षीं आमच्या शाळेंत हस्तव्यवसायाचें प्रदर्शन भरलें होतें, त्या वेळची एक गोष्ट सांगून या लेखास आरंभ करितों. प्रदर्शनाच्या एका कोपऱ्यांत आम्हां मुलांनीं केलेला सेंचुरियन जातीचा रणगाडा मांडला होता. तो मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा होता. त्याच्यावर आमचे दोन महिने खर्च झाले होते; आणि तो रणांगणावरून नुकताच परत आल्यासारखा दिसावा म्हणून आम्हीं त्याच्या सर्वांगावर तांबूस गंजाचे ओघळ मोठ्या हौसेनें रंगविले होते. पाहणारांची त्याच्याभोंवतीं सारखी गर्दी होती, व "काय हुबेहूब आहे!" असे उद्गार कानीं पडत होते. आम्हीहि मनांतल्या मनांत फुगलों होतों.

इतक्यांत आमच्यापैकीं एकाचे आजोबा तेथें आले. ते पूर्वीं सैन्याच्या रणगाडा-दळांत होते. त्यांनीं चष्मा पुसून पुन्हां डोळ्यांवर ठेविला आणि खालीं वांकून बराच वेळ आमच्या रणगाड्याकडे पाहिलें. मग त्यांनीं विचारिलें, "बाळांनो, हा रणगाडा चालू आहे, कीं भंगारांत काढलेला?"

आम्ही गोंधळून म्हणालों, "चालू आहे, आजोबा. लढाईवर आहे."

तेव्हां ते हंसले नाहींत. ते म्हणाले, "मग त्यावर इतका गंज कसा चढला? आम्ही कितीहि दमलेले असलों तरी पट्ट्याच्या खिळी तपासल्यावांचून, तेलपाणी पाहिल्यावांचून आणि हवेच्या गाळणींतली धूळ झाडल्यावांचून पाठ टेंकीत नव्हतों. रणगाडा गंजूं दिला असता, तर आम्ही परत आलों नसतों. रंग तुम्हीं चांगला दिला आहे. पण आंत बसणारे चौघेहि आळशी होते असें या रंगावरून दिसतें."

आमच्या माना खालीं गेल्या. त्या चार माणसांचा आम्हीं दोन महिन्यांत एकदांहि विचार केला नव्हता. प्रतिकृति मुकी दिसली तरी ती बोलत असते. 'मूळ वस्तु अशी होती' असें ती पाहणारास सांगते, आणि पाहणारा तिच्यावर विश्वास ठेवितो. म्हणून ती करणारावर खरें सांगण्याची जबाबदारी येते. ही जबाबदारी कशी पार पाडावी, आणि ती पार न पाडल्यास काय होतें, याचा आम्हीं त्यानंतर वर्षभर जो अभ्यास केला तो येथें देत आहों.

१. प्रमाणाचें गणित

प्रतिकृतीचा पाया प्रमाण हा होय. भूगोलाच्या तासास नकाशा काढतांना आपण जें प्रमाण वापरितों तेंच येथें उपयोगी पडतें. विमानांच्या प्रतिकृति बहुधा एकास बहात्तर किंवा एकास अठ्ठेचाळीस या प्रमाणांत, आणि रणगाड्यांच्या एकास पस्तीस या प्रमाणांत करितात. बहात्तर हा आंकडा प्रथमदर्शनीं विचित्र वाटतो. पण ज्या देशांत तो रूढ झाला तेथें लांबी फूट व इंच यांत मोजीत असत. सहा फुटांचे इंच बहात्तर होतात. म्हणून मुळांतील सहा फूट म्हणजे प्रतिकृतींतील एक इंच, असा हा सोपा हिशेब आहे. इंग्लंडांत १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत 'स्कायबर्ड्स' नांवाचे लाकडी विमानांचे संच या प्रमाणांत निघाले. १९३६ मध्यें 'फ्रॉग पेंग्विन' हे प्लास्टिकचे संच त्याच प्रमाणांत आले. आणि १९५३ मध्यें 'एअरफिक्स'नें आपलें पहिलें स्पिटफायर विमान त्याच प्रमाणांत काढिलें.

रणगाड्यांच्या पस्तीस या आंकड्याची कथा तर मौजेची आहे. जपानांतील 'टामिया' या कारखान्यानें १९६१ मध्यें पँथर नांवाच्या जर्मन रणगाड्याचा संच काढिला. तो मोटारीनें चालावयाचा होता. म्हणून त्याच्या पोटांत बॅटऱ्या मावतील एवढा तो केला. पुढें त्याच मापाचे दुसरे रणगाडे काढावे असें ठरल्यावर त्यांनीं पँथर मोजून पाहिला, तों तो मुळाच्या सुमारें पस्तिसाव्या हिश्शाएवढा निघाला! अशा रीतीनें बॅटरीच्या आकारावरून ठरलेलें प्रमाण आज जगभर रूढ आहे.

आतां थोडें गणित करूं. स्पिटफायर विमानाच्या पंखांचा विस्तार एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत ११.२३ मीटर होता. त्यास ७२ नें भागिलें असतां १५६ मिलिमीटर येतात. हरिकेन विमानाचा विस्तार १२.१९ मीटर, म्हणजे प्रतिकृतींत १६९ मिलिमीटर. आणि जर्मनांच्या मेसर्श्मिट १०९ या विमानाच्या 'ई' जातीचा ९.८७ मीटर, म्हणजे १३७ मिलिमीटर. तिन्ही विमानें शेजारीं शेजारीं ठेविलीं असतां हा फरक डोळ्यांस सहज कळतो.

लांबी ७२ पट घटली म्हणजे सर्वच गोष्टी ७२ पट घटतात असें मात्र समजूं नये. क्षेत्रफळ ७२ गुणिलें ७२, म्हणजे ५,१८४ पट घटतें. आणि घनफळ ३,७३,२४८ पट घटतें. भरलेल्या स्पिटफायरचें वजन सुमारें २,७०० किलोग्रॅम धरिलें, तर घनफळाच्या हिशेबानें प्रतिकृतीच्या वांट्यास अवघे सात-साडेसात ग्रॅम येतात! तसेंच सुमारें पन्नास टन वजनाच्या सेंचुरियन रणगाड्याचें पस्तिसाव्या प्रमाणांतील वजन सव्वा किलोग्रॅमच्या आंतच भरेल, कारण पस्तिसाचा घन ४२,८७५ होतो. घन आणि वर्ग हे पुस्तकांतले शब्द आमच्या हातांत असे प्रथमच आले.

२. एक चूक आणि तिची किंमत

प्रमाण व आकार यांचा एवढा कांटेकोरपणा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर इतिहासांत आहे.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटननें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारिलें तें ३ सप्टेंबर १९३९ रोजीं. त्यानंतर तीनच दिवसांनीं, म्हणजे ६ सप्टेंबर रोजीं सकाळीं, शत्रूचीं विमानें येत असल्याची खोटी सूचना मिळाली, आणि ब्रिटिशांचीं लढाऊ विमानें ठिकठिकाणांहून वर चढलीं. त्यांत ५६ व्या तुकडीचीं हरिकेन विमानें होतीं व ७४ व्या तुकडीचीं स्पिटफायर विमानें होतीं. स्पिटफायरच्या वैमानिकांस समोरचीं हरिकेन विमानें जर्मन मेसर्श्मिट आहेत असें वाटलें. त्यांनीं गोळ्या झाडल्या. दोन हरिकेन विमानें पडलीं. एक वैमानिक वांचला. दुसरा, हल्टन-हॅरप नांवाचा तरुण अधिकारी, मरण पावला. त्या युद्धांत मरण पावलेला ब्रिटनचा पहिला लढाऊ वैमानिक तोच. आणि तो स्वकीयांच्याच हातून मेला. ही घटना 'बार्किंग क्रीकची लढाई' या उपरोधिक नांवानें ओळखिली जाते. वास्तविक त्या दिवशीं तेथें शत्रु मुळीं आलाच नव्हता.

विमान ओळखण्यास शिकविणें हें किती अगत्याचें आहे तें अशा प्रसंगांवरून दिसून आलें. आणि तें शिकविण्यासाठीं जें साधन निवडण्यांत आलें तें प्रतिकृतीचें. १९४२ च्या आरंभीं अमेरिकेच्या आरमारानें आपल्या देशांतील शाळांस एक विनंति केली. पन्नास निरनिराळ्या जातींच्या विमानांच्या प्रत्येकीं दहा हजार, अशा एकंदर पांच लाख प्रतिकृति विद्यार्थ्यांनीं करून द्याव्या, अशी ती विनंति होती. प्रमाण एकास बहात्तर ठरलें. शाळांकडे नकाशे धाडण्यांत आले. मुलामुलींनीं सुतारकामाच्या वर्गांत लाकडाचे ठोकळे कोरून, कानसून, पुठ्ठ्याचे सांचे लावून माप पाहून, तीं विमानें तयार केलीं. त्यांस चकाकी नसलेला काळा रंग देत. कारण आकाशांत दूरवर असलेलें विमान बहुधा काळ्या आकृतीसारखेंच दिसतें, आणि त्या आकृतीवरूनच तें ओळखावें लागतें.

बहात्तराच्या प्रमाणाचा येथें कसा उपयोग होतो पाहा. दहा मीटर अंतरावर टांगलेली प्रतिकृति ही सातशेंवीस मीटर अंतरावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. म्हणजे आमच्या शाळेच्या सभागृहाच्या एका टोंकास विमान टांगून दुसऱ्या टोंकास उभें राहिलें, कीं पाऊण किलोमीटर दूरच्या आकाशाकडे पाहण्याचा अभ्यास घरबसल्या होतो. वैमानिक, तोफची व टेहळे यांस अशा प्रतिकृति दाखवून शिक्षण देण्यांत आलें.

या हकीकतीचा विचार करितां आमच्या मनांत असें आलें, कीं त्या पांच लाखांपैकीं एखादा मुलगा कंटाळून पंखाचें टोंक थोडें अधिक गोल करून मोकळा झाला असता, तर काय झालें असतें? कदाचित् कांहींच नाहीं. परंतु तें चुकीचें विमान पाहून शिकलेला एखादा तोफची समुद्रावर उभा असतां, मित्राचें विमान त्याच्या अंगावर येत असतें, तर? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या कानशीचा एक फटका आणि एका अनोळखी माणसाचा प्राण यांमध्यें इतकेंच अंतर होतें.

३. पाहण्याचा अभ्यास

म्हणून प्रतिकृतीचें पहिलें काम हात न लावितां पाहणें हें होय. आम्ही आतां कोणतेंहि विमान करावयास घेण्यापूर्वीं त्याचीं छायाचित्रें व तीन बाजूंनीं काढलेले नकाशे समोर ठेवून एक यादी करितों. वर सांगितलेल्या तीन विमानांची आमची यादी अशी:

स्पिटफायर. पंख लंबवर्तुळाकार, टोंकाकडे निमुळते होत जातात, पण कोठेंहि सरळ रेषा सहसा लागत नाहीं. चाकें बाहेरच्या बाजूस दुमडून पंखांत जातात, म्हणून जमिनीवर त्यांतील अंतर कमी दिसतें. आरंभींच्या विमानांत उजव्या पंखाखालीं मोठी पेटी व डाव्या पंखाखालीं लहान पेटी आहे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नाहींत.

हरिकेन. पंख जाड, कडा बव्हंशीं सरळ व टोंकें गोल. पाठ उंच व कुबड आल्यासारखी. धडाच्या मागील भागावर पत्र्याऐवजीं कापड ताणलेलें आहे, म्हणून तेथें फांसळ्या दिसतात. चाकें आंतल्या बाजूस दुमडतात, म्हणून जमिनीवर त्यांतील अंतर मोठें. पाणी थंड करण्याची पेटी पोटाच्या मध्यभागीं.

मेसर्श्मिट १०९, 'ई' जात. पंखांचीं टोंकें चौकोनी कापल्यासारखीं. शेंपटाच्या आडव्या पंखांस खालून एकेक तिरपा टेंकू. दोन्ही पंखांखालीं सारख्या पेट्या.

ही यादी लिहीपर्यंत आम्हांस तिन्ही विमानें एकसारखींच वाटत असत. यादी लिहिल्यावर तीं तीन निरनिराळ्या माणसांच्या चेहऱ्यांसारखीं वेगळीं दिसूं लागलीं. वनस्पतिशास्त्राच्या तासास पानांच्या कडा पाहून झाडें ओळखावयास आपण शिकतों, त्याच जातीचें हें शिक्षण आहे.

४. तांबड्या टिकलीची गोष्ट

आकार साधला म्हणजे काम संपलें असें नाहीं. रंग व चिन्हें यांतहि सत्य असतें. आणि या बाबतींत आमची एक फजिती सांगण्यासारखी आहे.

१९४४ मध्यें इंफाळच्या लढाईंत भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी हरिकेन विमानें घेऊन ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर टेहळणीचें काम करीत होती. तिचे नायक स्क्वाड्रन लीडर अर्जनसिंग हे होते. पुढें ते भारतीय हवाई दलाचे मार्शल झाले. त्या तुकडीचें एक विमान करावें असें आम्हीं ठरविलें. संचाबरोबर आलेलीं वर्तुळचिन्हें ब्रिटनमधील विमानाचीं होतीं: बाहेर निळें, आंत पांढरें, मध्यें तांबडें. आम्हीं तीं तशींच लाविलीं. विमान फार सुंदर दिसूं लागलें, पण तें खोटें होतें.

पुढें जुनीं छायाचित्रें चाळतांना आमच्या लक्षांत आलें, कीं ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील विमानांवर मधली तांबडी टिकली नव्हतीच. कारण शोधूं गेलों तों तें सरळ होतें. जपानी विमानांवर तांबडी गोल टिकली हेंच चिन्ह असे. घाईच्या क्षणीं दुरून नुसता तांबडा ठिपका दिसला तरी आपलाच माणूस आपल्यावर गोळी झाडील, या भयानें आपल्या बाजूच्या विमानांवरून तांबडा रंग काढून टाकण्यांत आला, आणि गडद निळें कडें व आंत पांढरा किंवा फिका निळा रंग एवढेंच ठेविलें. अमेरिकन विमानांच्या पांढऱ्या चांदणीमध्येंहि पूर्वीं तांबडी टिकली होती. तीहि मे १९४२ मध्यें काढण्यांत आली.

आम्हीं आमच्या विमानावरील चिन्हें ओल्या कापडानें हळूहळू सोडवून काढिलीं व नवीं हातानें रंगवून लाविलीं. तीं तितकीं सफाईदार झालीं नाहींत. परंतु आतां तें विमान खरें बोलतें.

५. कृति

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. प्लास्टिकच्या संचांतील भाग एका चौकटीस जोडलेले असतात. ते हातानें मोडूं नयेत. मोडल्यास भागाचा लचका निघतो. लहान कटर पक्कडीनें भागापासून थोडें दूर कापावें, व उरलेला दांडा धारदार चाकूनें व कानशीनें साफ करावा. चाकू नेहमीं बोटांपासून दूर चालवावा. लहान मुलांनीं हें काम वडील माणसांसमोर करावें.

भाग साबणाच्या पाण्यानें धुवून वाळवावे, म्हणजे सांच्यांतील तेलकटपणा जाऊन रंग नीट धरतो. त्यानंतर कोणताहि भाग चिकटविण्यापूर्वीं कोरडाच जोडून पाहावा. आमच्या दहा चुकांपैकीं नऊ चुका हा एक मिनिट वांचविल्यामुळें झालेल्या आहेत. विमानाचें धड दोन अर्धुकांचें असतें. त्यांत वैमानिकाची बैठक आधीं रंगवून बसवावी लागते, कारण धड बंद झाल्यावर तेथें कुंचला पोहोंचत नाहीं.

या कामाचा चिकटपदार्थ साध्या डिंकासारखा नसतो. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवितो, आणि दोन विरघळलेले पृष्ठभाग एक होऊन वाळतात. म्हणून तो थेंबभरच लावावा. अधिक लाविल्यास तो नक्षी खाऊन टाकितो. त्याची वाफ व रंगाची वाफ आरोग्यास अपायकारक असते. काम उघड्या खिडकीशीं करावें व जवळ दिवा अगर शेगडी नसावी. सांधा वाळेपर्यंत कपड्यांचे चिमटे किंवा रबराचीं वेटोळीं लावून ठेवावीं.

वाळल्यावर सांध्याची रेघ राहते. खऱ्या विमानावर ती नसते. म्हणून रंगारी भिंतीच्या भेगांत लांबी भरतात तशी तेथें बारीक लांबी भरावी, व पाण्यांत भिजविलेल्या बारीक पॉलिश कागदानें घांसावी. ओलें घांसल्यानें धूळ नाकांत जात नाहीं.

त्यानंतर अस्तराचा पातळ थर द्यावा. अस्तर दोष झांकीत नाहीं, उलट दाखवितें. ते दिसले कीं पुन्हां घांसावें. मग रंग. एक जाड थर देण्यापेक्षां तीन पातळ थर द्यावे, व प्रत्येक थर पुरता वाळूं द्यावा.

चिन्हें पाण्यांत भिजवून, कागदावरून सरकवून लावावयाचीं असतात. तीं खरबरीत रंगावर लाविल्यास खालीं हवा अडकून चंदेरी झांक दिसते. म्हणून आधीं चकचकीत व्हार्निशचा थर द्यावा, त्यावर चिन्हें लावावीं, आणि शेवटीं चकाकी मारणारें व्हार्निश द्यावें.

संच विकत घेणें ज्यांस परवडत नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. अमेरिकेंतील त्या मुलांजवळ प्लास्टिक नव्हतें. लाकूड, पुठ्ठा, कानस आणि नकाशा एवढेंच होतें. आमच्यापैकीं दोघांनीं मागच्या मे महिन्याच्या सुटींत एका सुतारकाकांकडून मऊ लाकडाचे तुकडे मागून आणून एक हरिकेन कोरलें. आमच्या सर्व विमानांत माप तपासून पाहतां त्याचाच आकार सर्वांत बरोबर ठरला. कारण संचांत आकार आयता मिळतो, आणि लाकडांत तो प्रत्येक ठिकाणीं स्वतः मोजावा लागतो.

६. बारकावे

बारकाव्यांचें कामहि मापानेंच चालतें. प्लास्टिकच्या पंखाची मागील कड अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर बहात्तरानें गुणितां खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटर जाड होईल. खरी कड याहून पुष्कळच पातळ असते. म्हणून ती आंतून घांसून पातळ करावी. रणगाड्याच्या चाकांवरील पत्रा संचांत एक मिलिमीटर जाड असला, तर तो खऱ्यांत ३५ मिलिमीटरचा, म्हणजे चिलखताएवढा होईल! त्याऐवजीं औषधाच्या गोळ्यांच्या वेष्टनाचा पत्रा कापून लाविला असतां तो शोभतो, आणि खऱ्या पत्र्यासारखा थोडा वांकविताहि येतो. विमानाच्या बिनतारी संदेशाची तार करण्यासाठीं चौकटीचा टाकाऊ दांडा मेणबत्तीच्या वर धरून मऊ करावा व दोन्हीं हातांनीं ताणावा. केसासारखा धागा निघतो. हेंहि काम वडिलांसमक्षच करावें.

सर्वांत शेवटीं धूळ, चिखल व झीज दाखवावयाची. आजोबांनीं आम्हांस शिकविलें तें येथें. रंगाचा कुंचला उचलण्यापूर्वीं प्रत्येक डागास 'तूं येथें कां आलास?' असें विचारावें. पट्ट्याचा जो भाग जमिनीवर घांसतो तो गंजत नाहीं, उलट चकाकतो. झांकणाच्या कडेस व पाय ठेवावयाच्या जागीं बुटांनीं रंग झिजतो. धूर सोडणारी नळी तापून काळसर तांबूस होते. तेथें गंज शोभतो. चिखल खालच्या अंगास असतो, आणि तो त्या त्या प्रदेशाच्या मातीच्या रंगाचा असतो. ज्या डागास उत्तर देतां येत नाहीं तो डाग देऊं नये.

७. आंतील माणसें

आमचा रणगाडा १९७१ च्या डिसेंबरांत शकरगड भागांत बसंतर नदीपाशीं झालेल्या लढाईंतला आहे. १६ डिसेंबर रोजीं तेथें पूना हॉर्स या पलटणीच्या सेंचुरियन रणगाड्यांनीं शत्रूच्या रणगाड्यांचे हल्ले परतविले. त्यांत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे होते. त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजीं पुण्यास झाला. म्हणजे त्या दिवशीं त्यांचें वय एकवीस वर्षें व दोन महिने होतें. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांहून ते पांचसहा वर्षांनींच मोठे. त्यांच्या रणगाड्यास आग लागली असतां तो सोडून बाहेर पडण्याचा हुकूम त्यांस मिळाला. परंतु तोफ अजून चालू आहे, तोंवर रणगाडा सोडणार नाहीं, असें त्यांनीं कळविलें, आणि ते लढत राहिले. पुढच्या आघातांत ते मरण पावले. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र देण्यांत आलें. 'फामागुस्ता' नांवाचा त्यांचा तो रणगाडा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, येथील रणगाडा-दळाच्या केंद्रांत जतन केलेला आहे. त्याच शहरांत रणगाड्यांचें मोठें संग्रहालयहि आहे. ज्या पालकांस शक्य असेल त्यांनीं मुलांस तें अवश्य दाखवावें. पुस्तकांत ३.३९ मीटर रुंदी वाचणें निराळें, आणि तेवढ्या रुंदीच्या लोखंडासमोर उभें राहून आपली उंची तिच्याशीं ताडून पाहणें निराळें. तेथून परत आल्यावर आम्हांस आमच्या टेबलावरील ९७ मिलिमीटर रुंदीच्या रणगाड्याकडे पूर्वींसारखें पाहतां आलें नाहीं.

ज्या रणगाड्यांत असा माणूस बसला होता त्याच्या जातीच्या रणगाड्यावर आम्हीं आळशीपणाचा गंज चढविला होता. तो आम्हीं दिवाळीच्या सुटींत पुरता उतरविला. तीन दिवस घांसावें लागलें, आणि दोन ठिकाणीं खालची नक्षीहि गेली. नवा रंग दिला, पायरीच्या जागीं झीज दाखविली, पट्ट्यांस जमिनीच्या बाजूनें चकाकी दिली. आणि एक झांकण उघडें ठेवून त्यांतून डोकें वर काढलेला एक माणूस बसविला. तो पन्नास मिलिमीटरांहूनहि कमी उंचीचा आहे. पण आतां पाहणाराचा डोळा प्रथम त्याच्याकडेच जातो.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी महिनोन् महिने एकाच विमानापाशीं बसली, तर 'अजून झालें नाहीं काय?' असें विचारूं नये. 'हें असेंच होतें कशावरून?' असें विचारावें. त्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं मूल नकाशा पाहील, छायाचित्र शोधील, इतिहास वाचील, भागाकार करील, आणि चुकलें असल्यास स्वतःच्या हातानें केलेलें काम खोडावयास शिकेल. यांतील शेवटची गोष्ट शिकण्यास सर्वांत कठीण आहे, असा आमचा अनुभव आहे.

यंदाच्या प्रदर्शनास आम्हीं आजोबांस मुद्दाम बोलाविलें होतें. त्यांनीं पुन्हां चष्मा पुसला, खालीं वांकून रणगाड्यास एक फेरी घातली, आणि पट्ट्याच्या एका जागीं बोट दाखवून म्हणाले, "ही खीळ ढिली दिसते." आम्हीं मापपट्टी आणली. खीळ खरोखरच अर्धा मिलिमीटर बाहेर होती.